नवा शब्द घेऊन विकिपीडियाच्या खिडकीत: मसुदा-तपासणी सेवेचं परीक्षण

पाळीव प्राण्यांच्या जगात शब्दांची पैदास जोरात असते. दोन जातींचा संकर झाला की ब्रीडर दोन नावं जोडून तिसरं करतो. एखादी कंपनी कुत्र्यांसाठी नवी सोय काढते आणि तिचं बारसंही करते. मांजराच्या बसण्याच्या एखाद्या ढबीला इन्स्टाग्रामवर कुणीतरी नाव ठेवतं आणि ते चिकटतं. अशा शब्दाच्या जनकाला मग विकिपीडियावर पान हवं असतं. इंग्रजी विकिपीडियानं त्यासाठी ठेवलेली अधिकृत वाट म्हणजे 'आर्टिकल्स फॉर क्रिएशन': मसुदा लिहायचा, सादर करायचा, स्वयंसेवक तो तपासतात. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. जोडीला विक्शनरी (विकिपीडियाचा भावंड-शब्दकोश) आणि मराठी विकिपीडिया या शेजारच्या दोन ठिकाणांचंही.

निकाल आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन तारे. सेवा फुकट आहे, नियम सगळ्यांना वाचता येतील असे लिहून ठेवलेले आहेत आणि नव्या शब्दांच्या बाबतीत नकार बहुतेक वेळा योग्यच असतो. तारे कापलेत ते नकार कळवण्याच्या ठोकळेबाज पद्धतीसाठी आणि रांगेचा भरवसा नसल्यासाठी.

समजायला सोपं जावं म्हणून एक शब्द इथेच घडवून घेऊ: 'भूभूरजा', म्हणजे घरी नवं पिल्लू आणल्यावर नोकरदारानं घेतलेली रजा. कल्पना खरी आहे. स्कॉटलंडच्या ब्रूडॉग या बिअर कंपनीनं २०१७ मध्ये कर्मचाऱ्यांना नव्या पिल्लासाठी आठवडाभराची भरपगारी रजा जाहीर केली आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'पॉटर्निटी लीव्ह' हा शब्द उचलून धरला. मराठी शब्द मात्र आजच जन्मलेला आहे. तो विकिपीडियाच्या खिडकीत सरकवला तर काय होईल, ते पाहू.

खातं, बटण, रांग

इंग्रजी विकिपीडियावर थेट लेख तयार करायला खातं किमान चार दिवसांचं असावं लागतं आणि त्यावर किमान दहा संपादनं असावी लागतात. मसुद्याला ही अट नाही. पानाच्या नावाआधी 'ड्राफ्ट' हा उपसर्ग लावून लिहायला लागायचं, वरच्या पट्टीतलं 'सबमिट' बटण दाबलं की पान तपासणीच्या रांगेत जातं. रांग म्हटलं तरी ती क्रमानं पुढे सरकत नाही. तपासणारा हवा तो मसुदा उचलतो. त्यामुळे सोपे मसुदे, म्हणजे उघड स्वीकारण्याजोगे किंवा उघड नाकारण्याजोगे, लवकर निघतात आणि मधले महिनोन् महिने पडून राहतात. नव्या शब्दाचा मसुदा बहुधा उघड नाकारण्याजोग्यांत मोडतो, म्हणून निदान उत्तर तरी लवकर येतं.

तपासणारे पगारी नसतात. हे काम करायला खातं ९० दिवसांचं आणि लेखांमधली ५०० संपादनं असावी लागतात. त्यांना घालून दिलेली कसोटी साधी आहे: हा लेख उद्या हटवण्याच्या चर्चेत गेला तर टिकण्याची शक्यता जास्त आहे का? असेल तर स्वीकारा. मसुदा देखणा असण्याची किंवा लांब असण्याची अट कुठेही नाही. दीडशे-दोनशे शब्द पुरतात.

नकार दोन प्रकारचे असतात आणि नवे लोक इथेच गल्लत करतात. 'डिक्लाइन' म्हणजे सध्या नाही, दुरुस्त करून पुन्हा सादर करा. 'रिजेक्ट' म्हणजे विषयच बसत नाही, पुन्हा आणू नका. पहिल्यात मसुद्यावर पुन्हा सादर करण्याचं बटण राहतं, दुसऱ्यात निघून जातं. सहा महिने कुणी हात लावला नाही तर मसुदा जी१३ या कलमाखाली हटतो, पण तो कायमचा जात नाही. 'रिक्वेस्ट्स फॉर अनडिलीशन' या पानावर दोन ओळींची विनंती केली की परत मिळतो. मसुदे गूगलवर दिसत नाहीत. थेट तयार केलेला लेखही कुणी तपासेपर्यंत किंवा ९० दिवस होईपर्यंत शोधयंत्रांपासून लपवलेला असतो. तेव्हा 'पान केलं पण गूगलवर येत नाही' या तक्रारीत बिघाड काही नाही, ती मुद्दाम केलेली सोय आहे.

मसुद्याला कंटाळून थेट लेख करण्याचा मोह होतो. नव्या शब्दासाठी तो महागात पडतो. लेखांच्या विभागात ए११ नावाचं कलम आहे: लिहिणाऱ्यानं किंवा त्याच्या ओळखीच्या कुणी घडवलेला शब्द उघड दिसत असेल आणि त्याच्या महत्त्वाचा काहीच विश्वासार्ह दावा नसेल, तर चर्चेविना तत्काळ हटवणं. 'भूभूरजा' तासाभरात गेला तरी नवल नाही. हे कलम मसुद्यांना लागू होत नाही. मसुद्याची वाट निवडण्याचं हेच सर्वांत मोठं कारण. जाहिरातवजा मजकुराचं जी११ मात्र दोन्हीकडे लागतं, त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळाचा दुवा पहिल्याच परिच्छेदात टाकू नये आणि खात्याला कंपनीचं नाव देऊ नये. पैसे घेऊन लिहीत असाल तर तसं जाहीर करणं बंधनकारक आहे.

खरी अडचण: शब्द वापरला गेला, पण शब्दाविषयी कुणी लिहिलं का?

नव्या शब्दांचे बहुतेक मसुदे इथे अडखळतात. विकिपीडियाचा नवशब्दांविषयीचा नियम असं मागतो की शब्दाविषयी स्वतंत्र, विश्वासार्ह आणि सविस्तर लेखन झालेलं असावं. शब्द वापरलेला असणं पुरत नाही. बातमीत 'त्यानं भूभूरजा घेतली' असं आलं, तर तो वापर झाला. अशा पन्नास बातम्या जोडल्या तरी वजन शून्य. उलट एखाद्या भाषाअभ्यासकानं किंवा पत्रकारानं 'हा शब्द कुठून आला, कोण वापरतं, का पसरला' असं चार परिच्छेद लिहिलं, तर तो एक संदर्भ मोजला जातो. असे तीन हवेत, तिन्ही एकमेकांपासून आणि शब्दाच्या जनकापासून स्वतंत्र. तीन हा आकडा नियमात कोरलेला नाही, पण तपासणाऱ्यांच्या हातात तोच बसलेला आहे. आठवा-नववा किरकोळ संदर्भ जोडल्यानं मसुदा बळकट होत नाही, उलट तपासणाऱ्याला चांगले तीन शोधावे लागतात आणि तो पुढच्या मसुद्याकडे वळतो.

पास झालेलं उदाहरण पाहा. 'डॉगोलिंगो' म्हणजे कुत्र्यांना 'डॉगो', 'पपर' म्हणणारी इंटरनेटवरची लाडिक बोली. तिच्यावर इंग्रजी विकिपीडियात लेख आहे. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनपीआर या नभोवाणीनं या बोलीविषयीच सविस्तर लिहिलं, त्यात भाषातज्ज्ञांची मतं होती. २०१९ मध्ये भाषाशास्त्राच्या नियतकालिकात तिच्या रचनेवर शोधनिबंध आला. हे सगळं लेखन बोलीविषयीचं आहे. केवळ 'डॉगो' म्हणून कुत्र्याचा फोटो टाकलेल्या लाखो नोंदींनी हे काम केलं नसतं. मेरियम-वेबस्टरनं 'डॉगो' शब्दकोशात घेतला तो २०२३ मध्ये, म्हणजे बराच नंतर.

'झूमीज'ची गोष्ट वेगळी आणि जास्त उपयोगाची. आंघोळीनंतर कुत्रं अचानक घरभर भरधाव धावत सुटतं, त्याला लोक झूमीज म्हणतात. विकिपीडियावर त्याच्यासोबत 'फ्रेनेटिक रँडम ॲक्टिव्हिटी पीरियड' हे भारदस्त नावही आहे. दोन्हींपैकी कोणत्याही नावानं शोधलं तरी एकाच लेखावर पोहोचता. कारण लेख वागणुकीवर आहे, शब्दावर नाही. विश्वकोशाचा विषय वस्तू किंवा कल्पना असतो, शब्द हा तिचा पत्ता. म्हणून मसुद्यात उच्चार, अनेकवचन, वाक्यात उपयोग असं लिहिलंत, तर 'हा शब्दकोश नाही' असं छापील उत्तर येतं, आणि ते रास्त असतं.

संकरित जातींच्या नावांचंही तेच. 'लॅब्राडूडल' (लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर) आज पक्का शब्द आहे, तो १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गाइड डॉग संस्थेच्या वॉली कॉनरन यांनी केलेल्या संकरामुळे. शब्द त्याआधी १९५५ मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल यांच्या पुस्तकात येऊन गेला होता, पण तेव्हा तो तिथेच राहिला. नावामागे प्राणी, प्राण्यामागे बातम्या आणि बातम्यांमागे वाद असं सगळं जमलं तेव्हा लेखाला विषय मिळाला. एखाद्या केनेलनं आपल्या जाहिरातीत घडवलेलं नाव संकरांच्या यादीत टाकलं तर संदर्भाविना ते टिकत नाही. स्वतः विकणाऱ्याचं संकेतस्थळ स्वतंत्र धरत नाहीत.

संदर्भ निवडताना काही खास खाचखळगे आहेत. अर्बन डिक्शनरी, रेडिट, विकिपीडियाचीच दुसरी पानं आणि प्रसिद्धिपत्रकावरून जशीच्या तशी छापलेली बातमी मोजली जात नाही. भारतातल्या वर्तमानपत्रांमधल्या पैसे देऊन छापून घेतलेल्या मजकुराबद्दल इंग्रजी विकिपीडियावर वेगळी सावधगिरीची सूचना आहे. जीवनशैली पुरवणीत बायलाइन, म्हणजे लेखकाचं नाव, नसलेला, एकाच कंपनीचं कौतुक करणारा तुकडा असेल तर तपासणारा तो बाजूला काढतो. मराठी संदर्भ इंग्रजी लेखात चालतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. मूळ शीर्षक, त्याचा अनुवाद, भाषा, दिनांक आणि पानाचा क्रमांक द्यायचा. अवघड वाक्य असेल तर मूळ उतारा अनुवादासह तळटीपेत. छापील अंकाला ऑनलाइन दुवा असण्याची सक्ती नाही. ई-पेपरचे दुवे मात्र लवकर मरतात, म्हणून मिळेल तेव्हाच वेबॅक मशीन या वेबपानांच्या संग्रहात प्रत करून ठेवावी. कात्रणाचा फोटो कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रसंग्रहावर, चढवू नये, तो प्रताधिकाराचा भंग होतो आणि हटतोच.

आणखी एक ताजी अडचण. ऑगस्ट २०२५ पासून जी१५ हे कलम आलं आहे: यंत्रानं लिहिलेलं आणि माणसानं न तपासलेलं पान तत्काळ हटवता येतं. अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि वापरकर्त्याला उद्देशून राहून गेलेली वाक्यं या त्याच्या खुणा. चॅटबॉट नव्या शब्दासाठी हौसेनं संदर्भ रचून देतो, आणि मसुदा बुडवायला तेवढं एक पुरतं.

सेवेचे दोष

नकाराचा निरोप छापील चौकटीत येतो. नवशब्दांसाठी वेगळी चौकट आहे, शब्दकोशी मजकुरासाठी वेगळी. पण 'तुमचा चौथा संदर्भ चालला असता, बाकीचे तीन नाहीत' असं क्वचितच कुणी सांगतं. ते हवं असेल तर तपासणाऱ्याच्या चर्चापानावर किंवा मदतकक्षात नेमका प्रश्न विचारावा: या तीनपैकी कोणता संदर्भ मोजता येईल? 'माझं पान का नाकारलं?' असं विचारलं तर पुन्हा तीच चौकट वाचून दाखवली जाते.

हटवण्याच्या चर्चेची व्यवस्था मात्र चांगली आहे. चर्चा किमान सात दिवस चालते आणि मतं मोजून निकाल लागत नाही, युक्तिवाद तोलून लागतो. मित्रमंडळींना गोळा करून 'ठेवा, ठेवा' म्हणायला लावलं की वर 'हे मतदान नव्हे' अशी पाटी लागते आणि त्या नव्या खात्यांची मतं कुणी धरत नाही. चर्चेत हटलेलं पान जसंच्या तसं पुन्हा केलं तर जी४ हे कलम लागतं आणि ते तत्काळ हटतं. तिथून सावरण्याची वाट एकच: नवे, नंतर प्रसिद्ध झालेले संदर्भ घेऊन पुन्हा मसुदा.

एवढा कडकपणा कशासाठी, याचं उत्तर एका प्राण्यानंच दिलेलं आहे. २००८ मध्ये एका अमेरिकी विद्यार्थ्यानं कोआटी या दक्षिण अमेरिकी प्राण्याच्या लेखात 'ब्राझिलियन आर्डवार्क या नावानंही ओळखला जातो' असं गमतीनं घुसडलं. नाव त्यानं घडवलेलं. कुणी काढलं नाही. पुढे ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी ते नाव छापलं, आणि मग तीच वर्तमानपत्रं विकिपीडियात संदर्भ म्हणून जोडली गेली. २०१४ मध्ये न्यूयॉर्कर या अमेरिकी साप्ताहिकानं हा प्रकार उघड केला. शब्द स्वीकारला गेला होता, पुरावा मागाहून तयार झाला होता. तपासणारा आज 'शब्द तुमच्या आधी कुणी वापरला?' असं खडूसपणे विचारतो, ते या वर्तुळामुळे.

विक्शनरी: शब्दासाठी खरी खिडकी

शब्दाला लेख नको, नोंद हवी असेल तर इंग्रजी विक्शनरी जास्त योग्य. ती सर्व भाषांचे शब्द घेते, अर्थ इंग्रजीत देते, मराठी शब्द देवनागरीतच नोंदवले जातात. इथे शब्दाविषयी लेखन लागत नाही, वापरच लागतो. अट अशी: कायम टिकणाऱ्या माध्यमात, किमान तीन स्वतंत्र ठिकाणी, अर्थ कळेल असा वापर, आणि पहिल्या व शेवटच्या वापरात किमान एक वर्षाचं अंतर.

प्रत्येक शब्दाला धार आहे. 'स्वतंत्र' म्हणजे एकाच लेखिकेचे तीन लेख एकच धरले जातात. 'वापर' म्हणजे अवतरणचिन्हांत ठेवून अर्थ समजावलेला शब्द चालत नाही, तो उल्लेख झाला. 'भूभूरजा म्हणजे कुत्र्यासाठीची रजा' हे वाक्य बाद. 'भूभूरजा संपली आणि सोमवारी ऑफिस पुन्हा सुरू झालं' हे बसतं. 'टिकणाऱ्या माध्यमात' म्हणजे छापील पुस्तक, मासिक, वर्तमानपत्र. निव्वळ ऑनलाइन मजकूर आपोआप धरला जात नाही, त्यासाठी संपादकांमध्ये किमान दोन आठवडे चर्चा होऊन एकमत व्हावं लागतं.

मराठीत यासाठी दिवाळी अंकांसारखी सोय दुसरी नाही. छापील असतात, लेखक वेगवेगळे असतात, आणि एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंतचं अंतर वर्षाच्या आसपास येतं. आसपास म्हणण्याचं कारण पंचांग: अधिक मास नसेल तर दिवाळी अकरा-एक दिवस आधी येते आणि वर्ष भरत नाही. प्रकाशनाचा महिना पाहून मोजावं, किंवा तिसरा वापर आणखी पुढचा घ्यावा.

नोंद करताना भाषेचं शीर्षक, व्युत्पत्ती, शब्दजाती आणि लिंग (इथे स्त्रीलिंगी, कारण 'रजा' स्त्रीलिंगी), अर्थ आणि त्याखाली अवतरणं एवढं पुरे. 'भुभूरजा', 'भूभू रजा' अशी रूपं आढळली तर पर्यायी रूपं म्हणून द्यावीत. नोंदीवर शंका आली की ती पडताळणीच्या पानावर जाते. महिनाभरात तीन अवतरणं मिळाली नाहीत तर हटते. म्हणून अवतरणं पहिल्या दिवशीच नोंदीत घालावीत, 'नंतर जोडू' असं म्हणू नये. वर्ष भरायच्या आत एकदम पसरलेल्या शब्दांसाठी 'हॉट वर्ड' ही तात्पुरती सवलत आहे. अजून कुणीच न वापरलेल्या शब्दांसाठी परिशिष्टात 'प्रोटोलॉजिझम'ची यादी आहे. तिथे शब्द ठेवता येतो, पण त्याला मान्यता समजणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

एक वाक्य आणि एक पुनर्निर्देशन

अनेकांना जे हवं असतं ते एवढ्यातच मिळतं. कल्पनेवर आधीच लेख असेल, तर त्यात संदर्भासह एक वाक्य घालायचं आणि शब्दाचं पुनर्निर्देशन त्या लेखाकडे करायचं, म्हणजे तो शब्द शोधणारा आपोआप त्या लेखावर पोहोचतो. पुनर्निर्देशनाला उल्लेखनीयतेची, म्हणजे स्वतंत्र सविस्तर संदर्भांची, कसोटी नाही. मात्र शब्द त्या लेखात आलेला असला पाहिजे, नाहीतर वाचक गोंधळतो आणि पुनर्निर्देशन चर्चेला जातं. देशी कुत्र्यांवरच्या इंग्रजी लेखात 'इंडियन पराया डॉग' या शीर्षकाखाली 'आयएनडॉग' हे घडवलेलं नाव असंच नांदतं, स्वतंत्र पान मागत नाही.

मराठी विकिपीडिया

१ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाचे नियम त्याचे स्वतःचे आहेत. इंग्रजीतला नकार इथे बंधनकारक नाही, इंग्रजीतला स्वीकारही नाही. आधी धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) लिहून पाहावं, शंका चावडीवर (सामायिक चर्चेच्या पानावर) विचारावी. कार्यकर्ते थोडे, म्हणून संदर्भहीन पान काही काळ टिकूनही जातं. त्याला स्वीकार समजू नये, प्रचालकाच्या, म्हणजे पानं हटवण्याचा अधिकार असलेल्या सदस्याच्या, नजरेस पडलं की काढण्याचा साचा (सूचनेची चौकट) लागतो. कल्पनेवरचा लेख मात्र इथे सहज उभा राहू शकतो. 'पाळीव प्राण्यांसाठी रजा' या शीर्षकाखाली ब्रूडॉगसारख्या कंपन्यांची धोरणं, तारखा आणि संदर्भ द्यावेत. 'भूभूरजा' छापील मराठीत रुळला की त्याच लेखात येईल. तोवर लेखात नवा शब्द स्वतः रुजवणं हे मूळ संशोधनात, म्हणजे आधी कुठेच प्रसिद्ध न झालेल्या मजकुरात, मोडतं आणि ते चालत नाही.

दलाल

मसुदा नाकारला गेला की काहींना ईमेल येतो: अमुक रकमेत पान करून देतो, मी प्रचालक आहे. ही जुनी फसवणूक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियानं 'ऑरेंजमूडी' या नावानं ओळखल्या गेलेल्या टोळीची ३८१ खाती बंद केली. ती नाकारलेले मसुदे हेरून त्यांच्या मालकांकडून पैसे घेत होती आणि नंतर पान 'सांभाळण्यासाठी' पुन्हा मागत होती. त्यांनी केलेली दोनशेहून अधिक पानंही हटवली गेली. खरा तपासणारा मसुद्याच्या पानावर किंवा तुमच्या चर्चापानावर सही करून लिहितो. त्याच्या सहीतलं सदस्यनाव उघडून योगदानाची यादी पाहता येते. ईमेलमधल्या माणसाला त्याच्या विकिपीडिया खात्यावरून तुमच्या चर्चापानावर एक ओळ लिहायला सांगा. बहुतेक पत्रव्यवहार तिथेच थांबतो.